ना हरकत दाखल्याचा भाव : कोल्हापूरच्या प्रशासनाला खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, कोल्हापूर

विषय : गरीब गावांची संमती कशी मिळवली जाते, आणि त्यासाठी कामाच्या पद्धतीत करायचे बदल

सन्माननीय महोदय,

प्रकल्पाच्या फायलीत एक कागद हमखास असतो. 'सदर प्रकल्पास ग्रामसभेची हरकत नाही', खाली सरपंच आणि ग्रामसेवकाची सही, गोल शिक्का. पाच-सात वर्षांनी विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं होतं, माणसं अर्ज घेऊन येतात, आणि तोच कागद त्यांच्यापुढं सरकवला जातो : दाखला तुम्हीच दिला होता की. आमचं म्हणणं या कागदाबद्दल आहे. गरीब गावाची संमती किती स्वस्तात मिळते आणि पुढं ती मागं घेणं किती महाग पडतं, याची नोंद आपल्या कोणत्याही तपासणी नमुन्यात होत नाही.

ग्रामसभेपासून सुरुवात करू. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी तेवढी गणपूर्ती. तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं पुरतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे ज्याला ठराव हवा आहे, त्याला पहिल्या दिवशी कोणी न येणंच सोयीचं. सभा बहुधा कामाच्या वेळी असते. ज्यांचं पोट हातावर आहे ती माणसं तेव्हा भांगलणीला, यंत्रमागावर नाहीतर वीटभट्टीवर असतात. एक सभा म्हणजे एक खाडा. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. नवरा-बायको दोघं सभेला बसली तर त्या हिशेबानं घरातले सव्वासहाशे रुपये गेले. ज्याच्या ट्रॅक्टरला किंवा जेसीबीला कारखान्याचं काम लागणार आहे, त्याला मात्र सभेचं आमंत्रण द्यावं लागत नाही. ठरावाच्या नकलेत 'सर्वानुमते मंजूर' एवढंच येतं. हजर असलेल्यांत वाडी-वस्तीवरचे किती, भूमिहीन किती, बायका किती, प्रकल्पाच्या कुंपणापासून एक किलोमीटरच्या आत राहणारे किती, हे कुठंच येत नाही. हजेरीपत्रकात दोन रकाने वाढवले तर हे कळेल, आणि त्याला नवा कायदा लागत नाही.

गावाला बदल्यात काय मिळतं, तेही सांगायला हवं. कारखान्याच्या इमारतीवरचा कर पंचायतीच्या तिजोरीत येतो. लहान पंचायतीला ती रक्कम मोठी असते. तालमीला मॅट येते, तरुण मंडळाला वर्गणी येते, देवळाला रंग लागतो, कधी रुग्णवाहिका उभी राहते. यात वाईट काही नाही. पण रुग्णवाहिका ही सरकारनं द्यायची गोष्ट आहे. ती कारखान्याकडून घ्यावी लागते, तिथंच गावाची घासाघीस करायची ताकद संपते. 'घरटी एक नोकरी' हे आश्वासन तोंडी असतं. प्रत्यक्षात मिळतं ते ठेकेदाराकडचं काम : लोडिंग, साफसफाई, हंगामी हजेरी. आणि ज्या घरातला एक जण अशा हजेरीवर आहे, ते घर पुढं कधीच तक्रार अर्जावर सही करत नाही.

१९८४ साली कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन मंडळासाठी एका सल्लागार कंपनीनं अहवाल लिहिला होता. कचरा जाळण्याचे प्रकल्प कुठं उभारले तर विरोध कमी होईल, हा विषय. उत्तर सरळ होतं : कमी उत्पन्नाच्या, कमी शिकलेल्या लोकांच्या वस्तीजवळ. त्याच वर्षी २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळला मिथाइल आयसोसायनेट सुटला, तेव्हा सगळ्यात आधी मेली ती कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या झोपड्यांतली माणसं. कोल्हापुरात असा अहवाल कुणी लिहिलेला नाही. त्याची गरजही पडत नाही. स्वस्त जमीन, पडीक म्हणून नोंदलेलं गायरान, ओढ्याकडं जाणारा उतार आणि विरोधाला सवड नसलेली माणसं आपल्याकडं बहुतेक एकाच गटनंबराच्या आसपास सापडतात.

आता पाण्याकडं येऊ. तक्रार अर्जात लोक 'मळीचं पाणी' लिहितात आणि तिथंच पहिली चूक होते. आपल्याकडं मोलॅसिसलाही (साखर काढल्यावर उरलेला दाट पाक) मळी म्हणतात, प्रेसमडलाही (रस गाळल्यावर उरलेला गाळ) मळीच म्हणतात, आणि आसवनीतून, म्हणजे अल्कोहोलच्या डिस्टिलरीतून, निघणाऱ्या सांडपाण्याला, स्पेंटवॉशलाही, कागदावर तोच शब्द चिकटतो. तिन्ही गोष्टी वेगळ्या. साखर कारखान्याच्या सांडपाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) प्रक्रियेआधी साधारण हजार-दीड हजार मिलिग्रॅम प्रतिलिटर असतो. ते साचलं की काळं पडतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. स्पेंटवॉश गडद तपकिरी, आंबूस, करपलेल्या गुळाच्या वासाचा, सामू (पीएच) चार-साडेचारच्या आसपास, आणि बीओडी ४० ते ६० हजार. त्याचा रंग कितीही पाणी मिसळलं तरी लवकर जात नाही. कापड धुण्या-रंगवण्याच्या प्रोसेस हाउसचं पाणी रंगीत, फेसाळ आणि कॉस्टिकमुळं अल्कधर्मी असतं. अर्जात यातलं नेमकं काय ते लिहिलं नाही तर तपासणी अधिकारी भलत्याच गेटवर जातो, आणि अहवाल 'दोष आढळला नाही' असा येतो. गावातल्या बाईला हे माहीत असावं ही अपेक्षा चुकीची आहे. अर्ज घेणाऱ्या कारकुनाला माहीत असावं, ही अपेक्षा रास्त आहे.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून : एक लिटर अल्कोहोलमागं ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. दिवसाला ६० हजार लिटर क्षमतेची आसवनी दहाच्या हिशेबानं ६ लाख लिटर स्पेंटवॉश तयार करते. बीओडी ५० हजार धरला तर ३० टन सेंद्रिय भार. माणशी दिवसाला ४५ ग्रॅम हा नेहमीचा आकडा घेतला तर साडेसहा लाखांवर माणसांचं सांडपाणी झालं. २०११ च्या जनगणनेत सगळ्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती. कच्च्या स्पेंटवॉशचा दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला तर तो ५०० किलो ऑक्सिजन मागतो. लिटरमागं आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन असलेलं सव्वासहा कोटी लिटर चांगलं पाणी एकटा टँकर निःसत्त्व करू शकतो. बायोमिथेनेशननंतर (हवेविना कुजवून गॅस काढल्यावर) हा भार ८० ते ९० टक्के उतरतो, हे खरं. पण उरलेला भारही गावाच्या ओढ्याला पेलणारा नसतो. म्हणून तर आसवन्यांना एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट आहे : आधी बायोमिथेनेशन, मग बहुटप्पी बाष्पित्रात आटवणं, मग प्रेसमडबरोबर कंपोस्ट किंवा बॉयलरमध्ये जाळणं. या साखळीत बिघाड कुठं होतो, तर पावसात कंपोस्ट चालत नाही आणि साठवण तलाव भरत जातो. तलावाचा अस्तर-कागद फाटतो आणि आठवड्याभरात कुणाच्या लक्षात येत नाही. बाष्पित्राच्या नळ्यांत खपली धरते, क्षमता निम्म्यावर येते, पण गाळप तेवढंच चालू राहतं. जास्तीचं पाणी मग कुठंतरी जातंच.

ते कुठं जातं, यात गरिबी दिसते. 'खताचं पाणी' म्हणून ते टँकरनं फुकट शेतात सोडलं जातं. त्यात पालाश भरपूर असतो, त्यामुळं पहिल्या वर्षी ऊस काळाभोर दिसतो. पोटॅशचं पोतं विकत घेणं ज्याला जड जातं, तो एकरभरवाला शेतकरी टँकरवाल्याला स्वतःहून बोलावतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जमिनीत क्षार वर येतात, निचरा बंद होतो आणि शेजारच्या विहिरीला रंग चढतो. मोठ्या बागायतदाराच्या वावरात हे टँकर दिसत नाहीत. तो माती परीक्षण करून घेतो, आणि नको म्हणायची त्याची ऐपत असते.

तक्रार का होत नाही, याचं सगळ्यात खरं कारण ऊसतोडीत आहे. शेतकऱ्याचा ऊस त्याच कारखान्याकडं नोंदवलेला असतो. तोड कधी द्यायची ते कारखान्याच्या शेती खात्यातल्या, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या हातात. मार्च-एप्रिलच्या उन्हात तोड महिनाभर पुढं गेली की वजन घटतं, खोडवा उशिरा फुटतो, आणि पुढच्या वर्षाचं गणित बिघडतं. कुणी धमकी द्यावी लागत नाही. सगळ्यांना क्रम माहीत असतो. म्हणून आमची मागणी आहे की, जलप्रदूषणाच्या तक्रारीत तक्रारदाराचं नाव कारखान्याला कळवू नये. आज तक्रारीची प्रतच 'योग्य कार्यवाहीसाठी' कारखान्याकडं जाते. ही प्रथा एका परिपत्रकानं बंद होईल.

आता नदी. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ ही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची माळ. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसतात आणि वाहती पंचगंगा डबक्यांची साखळी होते. शेतीला ते हवंच आहे. पण थांबलेल्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन फारसा मिसळत नाही, तळाला गाळ कुजतो, वर केंदाळ पसरतं. फेब्रुवारी ते मे या काळात वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढले की ते काळं पाणी तळ ढवळत एकदम खाली सरकतं. माशांना तगायला लिटरमागं चारेक मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. तो दोनच्या खाली गेला की काही तासांत तेरवाडला मेलेल्या माशांचा खच दिसतो. त्या दिवशी अर्धमेले मासे गोळा करायला गर्दी होते आणि ते स्वस्तात खपतात, हेही लिहून ठेवतो. पोट भरलेला माणूस ते उचलत नाही. भोई कुटुंबांचा पुढचा हंगाम त्याच दिवशी बुडालेला असतो, पण मृत माशांच्या पंचनाम्यात मच्छीमाराच्या नुकसानीचा रकाना नसतो. काळं पाणी प्यायच्या पाण्याच्या जॅकवेलपर्यंत आलं की ऐपत असलेलं घर वीस लिटरचा जार लावतं. रोजचा जार पंचवीस रुपयांना धरला तर महिन्याला साडेसातशे. ज्याला ते परवडत नाही, तो नळाचंच पितो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी साथ आली, तिच्यानंतर हे निराळं समजावून सांगायची गरज पडू नये.

बरगे काढण्याचं वेळापत्रक पाटबंधारे खात्याकडं, पाण्याची तपासणी मंडळाकडं, आणि मासे मेल्यावर पंचनामा तहसीलदाराकडं. तिघांनी एकमेकांना अठ्ठेचाळीस तास आधी कळवलं आणि बरगे काढण्याआधी डबक्यातला ऑक्सिजन मोजला, तर निम्म्या वेळा हा प्रकार टळेल असं आम्हांला वाटतं. एकदम सगळे काढण्याऐवजी एकाआड एक गाळ्यातले वरचे बरगे आधी काढले तर तळाचा गाळ तेवढा ढवळत नाही.

पुराव्याचा प्रश्न याहून कडू आहे. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणं नमुना घ्यायचा तर उद्योगाला सूचना द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून सह्या घ्यायच्या. असं केलं नाही तर तो निकाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. गावकऱ्यानं बिसलेरीच्या बाटलीत भरून आणलेलं काळं पाणी कायद्याच्या लेखी काहीच नाही. खाजगी प्रयोगशाळेत तपासायचं म्हटलं तर काही हजार रुपये जातात, आणि नमुना नीट घेतला नसेल तर तेही वाया. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर ३०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत बुडबुडा न ठेवता पाणी भरून तिथंच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालावं लागतं. बीओडीचा नमुना बर्फात, चार अंशाला, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचा. धातूंसाठी नायट्रिक ॲसिडनं सामू दोनच्या खाली आणायचा. यातली एकही गोष्ट रात्री दोन वाजता ओढ्याकाठी उभ्या असलेल्या शेतमजुराकडं नसते. आणि पाणी सुटतं ते रात्रीच, सुट्टीला, नाहीतर पहिल्या वळवात. तपासणी होते सकाळी अकराला. ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो पहाटे. अकरा वाजता ऊन पडलेलं असतं, शेवाळानं थोडा ऑक्सिजन सोडलेला असतो, आकडा बरा येतो.

म्हणून मागणी अशी : सहाही बंधाऱ्यांपाशी पंचायतीकडं किंवा नगरपालिकेकडं ऑक्सिजनचं साधं क्षेत्र-किट, बर्फाचा डबा आणि सील करायच्या बाटल्या ठेवा. जलसुरक्षकाला किंवा आशाताईंना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या, आणि त्या कामाचं मानधन द्या. त्यांचा निकाल पुरावा म्हणून धरू नका, पण तो आला की सहा तासांत कलम २१ प्रमाणं अधिकृत नमुना घेणं बंधनकारक करा. रात्री फोन उचलणारा एक माणूस जिल्ह्याला पुरतो. साखर कारखाने आणि आसवन्यांना ऑनलाइन मोजमाप यंत्रणा बसवावी लागलेलीच आहे. तिचे आकडे इंग्रजी संकेतस्थळावर ठेवण्याऐवजी खालच्या गावाच्या चावडीवर मराठीत, 'मर्यादा अमुक, काल अमुक' असे दोन ओळींत लागले पाहिजेत.

हरित न्यायाधिकरणाकडं जा, असं आम्हांला वारंवार सांगितलं जातं. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. २०१० च्या कायद्याच्या कलम १४ खाली कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, भरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षांत जायचं. विहीर नासायला तीन वर्षं लागतात. ती नेमकी कोणत्या तारखेला नासली हे सांगता न आल्यानं अर्ज मुदतीत अडकतो. पहिल्या तक्रार अर्जाची पोच हा अशा वेळी सगळ्यात मोलाचा कागद. आपल्या आवक विभागात हाती दिलेल्या अर्जाला शिक्का-तारीख मिळायलाच हवी. 'साहेब आल्यावर या' म्हणून परत पाठवलेला अर्ज पुढं हजारो रुपयांना पडतो.

दंडाचं सूत्र तर आपल्यालाही अडचणीचं वाटायला हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१९ च्या सूत्राप्रमाणं पर्यावरण भरपाई म्हणजे प्रदूषण निर्देशांक गुणिले दिवस गुणिले रुपयांचा घटक गुणिले उद्योगाचा आकार गुणिले ठिकाणाचा घटक. सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या 'लाल' प्रवर्गाला निर्देशांक ८०, रुपयांचा घटक सहसा २५०, मोठ्या उद्योगाला दीड. ठिकाणाचा घटक लोकसंख्येवर ठरतो : दहा लाखांहून कमी असेल तर १, कोटीच्या वरच्या महानगराला २. म्हणजे मोठ्या लाल उद्योगाला कोल्हापुरात दिवसाला ३० हजार रुपये आणि त्याच गुन्ह्याला मुंबईत ६० हजार. वरच्या उदाहरणातल्या आसवनीच्या ६ लाख लिटरवर हे ३० हजार वाटले तर लिटरमागं पाच पैसे येतात. पाच टप्प्यांच्या बाष्पित्रातही एक लिटर पाणी आटवायला साधारण पाव किलो वाफ लागते. तेवढी वाफ पाच पैशांत कोणत्याही बॉयलरमध्ये तयार होत नाही. हिशेबनीस कोणता रस्ता सुचवेल ते उघड आहे. सूत्र बदलणं आपल्या हातात नाही. पण दिवस मोजणं हातात आहे. तपासणीच्या दिवसापासून मोजायचे की पहिल्या तक्रारीच्या दिवसापासून, एवढ्यावर रक्कम कितीतरी पटीनं बदलू शकते.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींची गोष्ट निराळी. मंजूर औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट आहे. कुंपणाबाहेरच्या वस्तीला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. तिथून बाहेर येते ती फौंड्रीची (धातूच्या ओतकामाची) वापरलेली काळी वाळू. बेंटोनाइट आणि कोळशाची पूड घातलेली 'ग्रीन सँड' (म्हणजे ओलसर वाळू, रंगानं हिरवी नव्हे) तुलनेनं निरुपद्रवी. फिनॉलिक किंवा फ्युरान रेझिननं बांधलेली कोअरची (साच्याच्या आतल्या गाभ्याची) वाळू तशी नाही, तिच्यातून फिनॉल पाझरू शकतो. ढिगात दोन्ही मिसळलेल्या असतात. सखल जागेत घर बांधणाऱ्याला भरावाची एक ट्रॉली विकत घेणंही परवडत नाही, आणि ही वाळू दारात फुकट येऊन पडते. जोत्याखाली, गल्लीत, ओढ्याच्या कडेला. दोन पावसाळ्यांनी बोअरच्या पाण्याला औषधासारखा वास येऊ लागतो. फुकट भरावाच्या प्रत्येक ट्रॉलीबरोबर पाझर-चाचणीचा दाखला आणि वाहतूक चलन असावं, नसेल तर ट्रॉली अडवावी. हे काम तलाठीही करू शकतो.

त्याच वाळूचा दुसरा बळी फौंड्रीच्या आत आहे. नॉकआऊट (साचा फोडणं), फेटलिंग (ओतीव घासणं), शॉट ब्लास्टिंग (छर्ऱ्यांच्या माऱ्यानं साफ करणं), आणि इंडक्शन भट्टीचं जुनं सिलिका अस्तर फोडणं ही सगळ्यात धोक्याची कामं. पाच मायक्रॉनच्या आतली धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि तोंडाला बांधलेल्या रुमालातून सरळ आत जाते. सिलिकोसिस (या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग) व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात, तो बरा होत नाही, आणि एक्स-रेवर तो क्षयासारखा दिसतो. मग सहा महिने टीबीच्या गोळ्या चालतात. (सिलिकामुळं क्षय होण्याची शक्यताही वाढते, त्यामुळं डॉक्टरांचा गोंधळ समजण्यासारखा आहे.) हा रोग कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, भरपाईही आहे. पण ही कामं ठेकेदाराच्या माणसांकडं असतात, दर दोन वर्षांनी ठेकेदार बदलतो, हजेरीपत्रकावर नाव नसतं, कामगार विम्याचं (ईएसआय) कार्ड नसतं. वीस वर्षं धूळ कुठं खाल्ली हे सिद्ध करायला एकही कागद हातात नसतो. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस व्यावसायिक आजारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू करा. तिथं केसपेपरवर 'काय काम करता, किती वर्षं, कोणत्या खात्यात' हे तीन प्रश्न छापा. एवढ्यानं दहा वर्षांनी लागणारा पुरावा आजपासून जमू लागेल. राजस्थाननं २०१९ साली अशा फुप्फुसरोगांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. महाराष्ट्राकडं तशी शिफारस आपण करू शकता.

प्रोसेस हाउस किंवा फौंड्रीला बंदची नोटीस निघाली की सगळ्यात आधी मोर्चा येतो तो कामगारांचा, आणि वर्तमानपत्रात मथळा येतो 'पर्यावरणवाद्यांमुळं बेरोजगारी'. त्या कामगाराला दोष देऊ नये. त्याची मजुरी मीटरवर नाहीतर नगावर आहे, माग थांबला की त्याच संध्याकाळी चूल थांबते. १९९६ साली दिल्लीतले १६८ धोकादायक उद्योग हलवताना सर्वोच्च न्यायालयानं कामगारांच्या भरपाईचाही आदेश दिला होता. आपल्या बंदच्या आदेशात 'बंद काळातील वेतन मालकानं द्यावं' हे एक वाक्य नेहमी असावं. ते नसतं, तोवर गरिबाला प्रदूषणाच्या बाजूनं उभं करण्याचं काम आपलाच आदेश करतो.

राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांबद्दल, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारांबद्दल, थोडक्यात. बॉक्साइट असतो तो जांभ्याच्या थरात, आणि पावसाचं पाणी धरून उन्हाळ्यात झऱ्यांना सोडणारा थरही तोच. तो उकरला की खालच्या धनगरवाड्यांचे झरे आटतात. धनगर समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाही, त्यामुळं वनहक्क कायद्याखाली त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची ७५ वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. कागद नाही म्हणून हक्क नाही, हक्क नाही म्हणून 'प्रकल्पबाधित' यादीत नाव नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडं जुन्या भाडेपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि २०१५ नंतरच्या लिलावातल्या पट्ट्यांच्या १० टक्के रक्कम येते. ती पिण्याच्या पाण्यावर खर्च करताना तालुक्याच्या गावातल्या रस्त्याआधी आटलेल्या झऱ्याखालची वाडी यावी.

राहिली जनसुनावणी. २००६ च्या त्याच अधिसूचनेप्रमाणं किमान ३० दिवसांची नोटीस, एक राष्ट्रीय आणि एक प्रादेशिक दैनिकात. जिथं वर्तमानपत्र पोचत नाही तिथं दवंडी द्यावी, असंही त्यातच लिहिलेलं आहे. दवंडी शेवटची कधी ऐकली ते वाड्यांवर विचारून पाहावं. सुनावणीलाही गणपूर्तीची अट नाही. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं आणि त्याच दिवशी सह्या करायच्या, हा नियम आहे. अनेकदा वाचन होतं तेव्हा मंडपात खुर्च्या गोळा करणारेच उरलेले असतात. मूल्यांकन अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, पण तो शब्दकोशातल्या मराठीत. 'सांडपाणी कुठल्या ओढ्यात, दिवसाला किती लिटर, तलाव फुटला तर कुणाच्या रानात' ही तीन उत्तरं पहिल्या पानावर, गटनंबराच्या नकाशासह असावीत. शिवाय चालू साखर कारखान्याचा किंवा आसवनीचा इथेनॉलसाठीचा विस्तार २०२१ च्या दुरुस्तीनं 'ब-२' प्रवर्गात गेला आहे, म्हणजे तिथं सुनावणीच नाही. अशा विस्ताराची किमान माहिती तरी ग्रामसभेपुढं ठेवावी. कायदा बंधन घालत नाही, पण मनाईही करत नाही.

सुनावणीची तारीख आणि जागा कागदोपत्री मंडळाचे सदस्य सचिव ठरवतात, पण आपण दोघं त्यांना ती सुचवू शकता. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीत जुलैमध्ये भाताची रोप लावण असते. तेव्हा सुनावणी नको. हातकणंगले-शिरोळमध्ये गळीत हंगामाचे शेवटचे आठवडे नकोत. इचलकरंजीच्या आसपास यंत्रमागाच्या सुट्टीचा वार बघून घ्या. जागा तालुक्याचं मंगल कार्यालय नको, बाधित गावातली शाळा चालेल. आणि प्रकल्पाकडून सुनावणीचा खर्च घेतला जातोच, त्यातून येणाऱ्या प्रत्येक मजुराला त्या दिवसाच्या रोजगार हमी दराइतकी हजेरी द्या.

ऑक्टोबरात बंधाऱ्यांना बरगे पडतील, त्यानंतर लगेच गाळप सुरू होईल. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याचं परिपत्रक, सहा बंधाऱ्यांवरची किट, फुकट भरावासाठीचा दाखला, सीपीआरमधला विभाग आणि सुनावणीचं वेळापत्रक यांपैकी एकालाही मंत्रालयाची मंजुरी लागत नसावी, असं आमचं वाचन आहे. ते चुकत असेल तर कोणत्या कलमामुळं चुकतं, तेवढं लेखी कळवावं.

आपले,
पंचगंगा खोऱ्यात पाणी तपासणी, कामगारांचे आजार आणि पर्यावरण परवानग्यांच्या कागदपत्रांवर काम करणारे काही जण
कोल्हापूर